अजीजभाईंची गाडी आणि वासूचं वजन

नीरव, तू आधी तो चहा खाली ठेव आणि नुसतं ऐक! मधे मधे "मग? मग?" करू नकोस, मी सांगतोच आहे.

आपला वासू माहितीये ना, अल मनखूलवाला? कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर. त्याची ती बढाई तू पण शंभरदा ऐकली असशील. "मला टेप लागत नाही! नुसतं बघतो आणि सांगतो, भिंत किती, बीम किती!" त्यावर वासंतीवहिनी म्हणतात, "भाजीत मीठ किती हवं ते मात्र एकदाही सांगता आलं नाही." ते जाऊ दे.

तर बिल्डिंगमधला गाडीवाला म्हणजे वासू. गाडी कसली, सांडगा! जुनी, छोटी, एसी लावला की इंजिन रडायचं, इंजिन पळालं की एसी रडायचा. पण कुणाची आई व्हिजिटवर आली, कुणी सुट्टीवर निघालं, की दार वाजणार वासूचंच. "वासूभाऊ, एअरपोर्टला सोडता का?" हा आधी कपाळाला आठ्या घालणार, "काय राव, शुक्रवारीच निघता?" आणि मग सगळ्यांच्या आधी खाली जाऊन काच पुसत उभा! खोक्याला दोरी यानं बांधायची, मार्करनं नाव यानं लिहायचं, ट्रॉली यानं ढकलायची. निरोपाचं रडणंसुद्धा याच्याच खांद्यावर. त्याचं सिंहासन होतं रे ते!

आणि अजीजभाईंनी गाडी घेतली.

अजीजभाई म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले, रत्नागिरीचे. देवमाणूस. इतकी वर्षं बसनं फिरले आणि एके दिवशी ही एवढी फोर बाय फोर खाली येऊन उभी! पांढरी, नवीकोरी. चाकं वासूच्या कमरेपर्यंत. वर कॅरियर, मागे शिडी. अख्खी बिल्डिंग खाली. मुनीर नातूर, आपला वॉचमन रे, तो तर बॉनेटमध्ये बघून मिशा नीट करत होता.

"कितीला पडली, अजीजभाई?" वासूनं विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. वासूनं रुपये काढायला दिरहॅमला बारानं गुणायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. तेवढ्या पैशांत कोल्हापुरातल्या घरावर दुसरा मजला चढताना त्याला डोळ्यांसमोर दिसत होता.

"बसून बगा तरी, वासूभाऊ! तुमचीच गाडी हाय."

"नको, नको. मला उंच गाडीत चक्कर येते."

पण सान्वी, त्याची पोरगी, केव्हाच आत! वरून ओरडतेय, "Papa! There's AC in the back also! And it's working!"

त्या "also"नं काही झालं नाही रे. त्या "working"नं झालं!

मग काय सांगू तुला! हा माणूस जळून नुसता कोळसा! सकाळी दात घासत बाल्कनीत, डोळे खाली गाडीवर. "सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नाही. घाम येणार." "पेट्रोल पाण्यासारखं पिणार." "एकशेवीसच्या वर गेली की टिंग टिंग वाजते म्हणे. देवळात बसल्यासारखं वाटत असेल." वासंतीवहिनी म्हणाल्या, "अहो, ती आपलीपण वाजायची." "आपली एकशेवीसला जात नाही," सान्वी इंग्लिशमध्ये म्हणाली.

आणि अचानक याचं पक्षीप्रेम जागं झालं! रोज कबुतरांना ब्रेड. तोही बाल्कनीच्या एकाच कोपऱ्यातून, खाली काय उभं असतं ते सांगायला नको.

इथपर्यंत ठीक होतं. पण अजीजभाईंची आई, मैमुनाबी, व्हिजिट संपवून परत निघाली. दरवर्षी तिला एअरपोर्टला सोडणार कोण? वासू! यानं दोरीचं बंडलसुद्धा आणून ठेवलं. शेवटी स्वतःच गेला विचारायला.

"चाची, शुक्रवारी किती वाजता काढू गाडी?"

"नको रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तुझ्या गाडीत गुडघे माझ्या कानाला लागतात. यंदा मी माझ्या लेकाच्या गाडीतनं राणीसारखी जाणार!"

वासू दोरी घेऊन परत आला. जेवला नाही. म्हणजे जेवला, पण श्रीखंड परत घेतलं नाही. आता समज.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग आठवतंय? रॅम्प उतरला की तोंडाशीच आडवा बीम. उंचीची पाटी रंगाऱ्यांनी कधीच रंगवून टाकलेली. वासूनं एकदा बीम बघितला, एकदा गाडीचं कॅरियर बघितलं. नुसत्या नजरेनं! चार बोटं जास्त. अडकणार म्हणजे अडकणार! भर रॅम्पवर ही धुडासारखी गाडी अडकेल, मागे घ्यावी लागेल, बिल्डिंग खो खो हसेल, आणि मैमुनाबी म्हणेल, वासू, बाबा, तुझा सांडगाच बरा.

गेला अजीजभाईंकडे, मधासारखा गोड होऊन. "नवा रंग आहे, अजीजभाई. हे ऊन म्हणजे तवा! माझ्या शेजारची जागा रिकामी आहे बेसमेंटमध्ये. आत लावत जा."

"पण जाईल काय आत?"

"मी सांगतोय ना! टेप लागत नाही मला!"

गुरुवारी संध्याकाळी अजीजभाई खरेदीहून आले. रॅम्पच्या बाजूला वासू चेहरा गंभीर करून उभा. सोबत मुनीर. मुनीर म्हणाला, "साब, ये गाडी नहीं जाएगा." वासू म्हणाला, "जाएगा, जाएगा, इन्शाल्ला!" आणि रुमालात तोंड लपवलं.

गाडी उतरली. बीम आला. वासूनं डोळे मिटले, खर्रर्र ऐकायला.

काहीच नाही! उघडून बघतो तर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आत!

कारण गाडीत कोण नव्हतं ते विचार! अजीजभाईंची बायको अजराभाभी, मैमुनाबी, पोरं, दोन शेजारणी, शिवाय मांडीवर दुधाच्या पावडरीचे डबे, खजुराची खोकी, तेलाचे डबे आणि ती मणामणाची ब्लँकेटं. गाडी भाकरीसारखी दबलेली!

"वासूभाऊ!" अजीजभाईंनी उतरून मिठीच मारली. "काय नजर हाय तुमची! पोरांनो, टाळ्या वाजवा काकांसाठी!"

वाजल्या रे टाळ्या! पाठीत धपाटे बसल्यासारखा हा उभा.

शुक्रवारी दुपारी सगळी बिल्डिंग फुटपाथवर. बांधलेली खोकी लिफ्टनं आधीच खाली आलेली, मैमुनाबी नव्या चपला घालून खुर्चीवर बसलेली. अजीजभाई एकटेच गाडी काढायला बेसमेंटमध्ये गेले.

एकटे! रिकामी गाडी!

खर्रर्रर्र! असा आवाज आला की कबुतरं उडाली. सगळे धावले. गाडीचं नाक बाहेर, कॅरियर बीमखाली घट्ट. पुढे घेतली, खर्र. मागे घेतली, खर्र. अजीजभाईंचा चेहरा पीठ सांडल्यासारखा. विमानाची वेळ होत आलेली.

आणि आपला वासू? त्याच्या पोटात दिवाळी! त्यानं छाती फुगवली. "घाबरू नका! खलास, विषय संपला, मी आहे ना! चाची, माझ्या गाडीतनं चला!"

खिशातून चावी काढली, हवेत फिरवली, आणि बेसमेंटकडे निघाला. निघाला आणि थांबला.

वासूची गाडी आत. अजीजभाईंची गाडी दारात. मधे जायला मांजराएवढी जागा!

"Papa," सान्वी म्हणाली, "you are also stuck."

कुणीतरी म्हणालं, टॅक्सी बोलवा. मैमुनाबी कडाडली, "लेकानं एवढी गाडी घेतली ती मी टॅक्सीनं जायला? गावात काय सांगू?" अजराभाभी रडायला लागल्या. अजीजभाई बिचारे वासूकडे बघत होते, "वासूभाऊ, तुमीच सांगा आता. काल तर गेली हो!" वासू बीमकडे बघत होता. नजर! काय उपयोग नजरेचा!

मग म्हातारी खुर्चीवरून उठली. रॅम्पच्या कठड्याला धरून खाली आली. गाडी बघितली, बीम बघितला आणि हसायला लागली.

"अरे, खाडीवरच्या मुलांनो! भरतीला पुलाखाली रिकामा मचवा अडकला तर काय करता? माणसं भरता! मचवा पाण्यात बसतो, निघतो खालून. बसा सगळे!"

आणि सुरू झालं, नीरव! अजराभाभी आत, शेजारणी आत, पोरं मागच्या मागे, मुनीरसुद्धा आत! मैमुनाबी दारात उभी राहून एकेकाला कोंबतेय. गाडी हळूहळू बसली. पण अजून एक बोट बाकी!

म्हातारीनं आजूबाजूला बघितलं. नजर वासूच्या पोटावर येऊन थांबली.

"वासू. तू ये. पुढं बस."

"चाची, मला उंच गाडीत चक्कर..."

"विमान जाईल माझं! बस!"

बसला रे! ज्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाला होता, तिच्या पुढच्या सीटवर! प्लास्टिक चर्रकन वाजलं, गाडी "हुंऽऽ" करून खाली बसली, आणि बीमखालून सुळ्ळकन बाहेर! वर एकच जल्लोष! खोकी चढली, मैमुनाबी चढली, आणि वासूला कुणी उतरूच दिलं नाही. गेला तसाच एअरपोर्टपर्यंत. थंडगार एसी, नव्या गाडीचा वास, खाली सगळ्या गाड्या मुंग्यांसारख्या. अल गरहूद पुलावर तर त्याचे डोळेच मिटले. चक्कर नव्हती ती, मी सांगतो तुला. सुख होतं!

निरोप घेताना म्हातारी रडली पण त्याच्याच खांद्यावर. म्हणाली, "अजीज, या पोराला सोडू नकोस. याच्याशिवाय तुझी गाडी निघायची नाही."

आणि नाही सोडला! बीम काही हलवता येत नाही. कॅरियर काढा म्हटलं तर अजीजभाई म्हणतात, "शोभा जाते." गाडी बाहेर लावा म्हटलं तर, "तुमीच बोल्लात ना, उन्हात रंग जातो!" त्यामुळे रोज सकाळी दोन्ही घरांतली पोरं, अजराभाभी, शेजारणी, मुनीर मागे आणि खालून आवाज, "वासूभाऊ, यल्ला, चला!" की हा टाय बांधत धावतो. पुढच्या सीटवर बसतो. रॅम्पच्या वर उतरतो. मग परत खाली चालत जाऊन आपला तो रडका सांडगा काढतो. संध्याकाळी आत जाताना पुन्हा तेच. महिनाभर वहिनींना कुरकुर ऐकवली. "मी काय पोतं आहे? मी एस्टिमेटर आहे!"

हे सगळं ठीक. पण मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर नवा माणूस आला. फिरदोस नाव, रुवैसच्या रिफायनरीतून बदली होऊन आलेला. वजन, अरे, वासूच्या दीडपट! आणि अजीजभाईंनी सहज त्याला विचारलं, "फिरदोसभाई, सकाळी जरा बसता काय पुढं?"

सकाळी वासू टाय बांधून खाली आला, तर त्याच्या सीटवर तो! गाडी एका झटक्यात बाहेर. फिरदोसनं तर वरून हातही हलवला.

आता वासूची अवस्था बघवत नाही. ऑफिसातून येतो, तडक जेवायला बसतो. काल वहिनींनी विचारलं, "अहो, सातवी पोळी? बरंय ना तुम्हाला?" हा म्हणतो, "वाढ. आणि तूप पण वाढ." आणि बाल्कनीतून तिसऱ्या मजल्याकडे बघत खातो!

सकाळी मला फोन केला, "तूच सांग, मी जाऊन सरळ माझी सीट परत मागू का अजीजभाईंकडे?" मी म्हटलं, नीरवला विचारून सांगतो. त्याच्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतंस?