सी. मल्वी, लाल दार

पत्त्याच्या बाबतीत कन्सेप्टा मल्वीला शिकवील असा माणूस आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यात अजून जन्माला यायचा होता. उभी हयात तिनं टपालाची हिरवी गाडी हाकली. घरांना नंबर नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत, अर्ध्या गावाचं आडनाव एकच. तरी तिच्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नव्हतं. त्यामुळे सौर पॅनल बसवणाऱ्या कंपनीतल्या मुलीनं फोनवर घराचा कोड विचारला, तेव्हा तिला हसूच आलं.

"कोड कसला विचारतेस बाळ? सी. मल्वी लिही. दलदलीचा रस्ता, पांढरं घर, लाल दार. असं घर या रस्त्याला एकच आहे. आंधळासुद्धा बरोबर येईल."

आंधळे आले असते तर कदाचित बरोबर आले असते. आले ते चांगले डोळस लोक.

गुडघे दुखायला लागल्यापासून चुलीत जाळायच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या, विटा वाहणं कन्सेप्टाला झेपेना. म्हणून तिनं ठरवलं, पाणी आता सूर्याच्या विजेवरच तापवायचं. गावानं तिला वेड्यात काढलं. सगळ्यात पुढं होता कॉन मल्वी, तिच्या वारलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. टेकडीच्या पलीकडं एकटाच राहायचा आणि पबमध्ये बसून ऐकवायचा, "लीट्रिमचं ऊन म्हणजे अमेरिकेतला नातेवाईक. वर्षातून एकदा येणार, तेही तोंड दाखवून पळायला."

कन्सेप्टा ऐकून घ्यायची आणि आपला पेला संपवायची. ठरवलेलं काम लोकांच्या बोलण्यावरून सोडायची तिला सवय नव्हती.

ठरल्या दिवशी तिनं सोड्याचा पाव भाजला, हॅम उकडून ठेवलं आणि खिडकीशी बसली. दुपार झाली, गाडीचा पत्ता नाही. तिनं फोन लावला.

"माणसं तुमच्याच छतावर आहेत, मॅडम," ती मुलगी म्हणाली. "काम जवळजवळ झालंय."

कन्सेप्टा अंगणात जाऊन वर बघून आली.

"छतावर एक कावळा आहे. तो तुमच्याकडचा असेल तर त्याला सांगा, कामाला लाग म्हणून."

मग तिच्या मनात काहीतरी चमकलं. हॅमचं ताट फडक्यात बांधून, काठी घेऊन ती टेकडी चढली. वर पोचली आणि काठी टेकून थांबली. खाली, टेकडीला वळसा घालणाऱ्या त्याच रस्त्यावर, कॉनचं घर. पांढरं. दार लालभडक, कारण ट्रॅक्टर रंगवून उरलेला डबा वाया कशाला घालवायचा म्हणून कॉननं मागच्याच आठवड्यात तो निळ्या दारावर फासला होता. आणि छतावर, रिमझिम पावसात न्हाऊन निघालेली, काळी कुळकुळीत तिची पॅनलं.

आत स्वयंपाकघरात तिघं कामगार सॉसेज आणि अंडी हाणत होते. कॉन त्यांना आग्रह करकरून वाढत होता. त्याला ऐकू कमी यायचं आणि ते तो कबूल करायचा नाही. पुतण्यानं छत दुरुस्त करायला माणसं पाठवतो म्हणून सांगितलेलं, तीच ही माणसं असं त्यानं धरलं होतं. कन्सेप्टानं आत येऊन पॅनलं कोणाची ते सांगितलं.

"सकाळी विचारलं ना मी, सी. मल्वी का?" मुकादम फिंटनचा चेहरा उतरला होता. "हे म्हणाले, कॉन म्हणजे कॉर्नेलियस मल्वीच, या. मी म्हटलं, मालक, दक्षिणेकडं बसवू? तर म्हणाले, जिकडून पाणी येतं तिकडं सगळीकडं बसवा. भिंतीवर विजेची पेटी लावताना विचारलं, तर म्हणाले, छत गळायचं थांबणार असेल तर कपाटसुद्धा लावा."

कॉन एव्हाना बाहेर जाऊन छत बघून आला होता. दाराइतकाच लाल झाला होता.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता. उद्या रविवार आहे, चर्चला जाणारं सगळं गाव इथून जातं."

"काढतो मालक," फिंटन म्हणाला. "पण आधी खालची फुटकी कौलं बदललीत आम्ही, आणि पॅनल धरणाऱ्या पट्ट्यांसाठी भोकं पाडलीत. आज काढलं तर रात्रभर घरात पाऊस येईल."

कन्सेप्टाची नजर खोलीभर फिरली. चुलीशी बादली, खाटेजवळ पातेलं, खुर्चीवर भांडं. सगळी ठणठणीत कोरडी. बाहेर तर पाऊस पडत होता. या घरात ती कितीतरी दिवसांनी आली होती. माणूस असा पातेल्यांच्या मधे झोपतो हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्यानंही पबमध्ये कधी सांगितलं नव्हतं.

तिनं हॅम टेबलावर ठेवलं.

"राहू दे ते वर."

"कोणाच्या छतावर राहू दे म्हणतेस?" कॉन गुरगुरला.

"तुझ्या. मी दुसरी मागवते. पैशाचं आपण दोघं बघून घेऊ. तोवर ऊन पडेल त्या दिवशी माझे कपडे तुझ्या मशीनमध्ये, आणि आंघोळीला गरम पाणी."

"आणि लोक काय म्हणतील?"

"तू माझ्याबद्दल जे म्हणत होतास तेच म्हणतील. तुला पाठ आहे सगळं."

कॉननं हॅमचा तुकडा तोडला आणि खाली बघून खाल्ला. एवढा घोळ होऊन, स्वतःची पॅनलं दुसऱ्याच्या छतावर जाऊनही ही बाई आवाज न चढवता सगळ्यांना वाढत होती. फिंटननं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

रविवारी चर्चच्या दारात लोकांनी कॉनला घेरलं. तो म्हणाला, "ती छताची दुरुस्ती आहे." महिन्याभरानं म्हणू लागला, "ढग असले तरी वीज बनते, तुम्हाला काय कळतंय." उन्हाळा संपेपर्यंत लोक त्याला पबमध्ये टाळू लागले. शनिवारी मात्र तो न चुकता कन्सेप्टाच्या कपड्यांची टोपली न्यायला टेकडी चढून यायचा आणि चहाला थांबायचा.

शरदात कन्सेप्टाची पॅनलं आली. या वेळी तिनं कोड दिला, तोही दोनदा. काम झालं त्या संध्याकाळी कॉन आला. हात मागं बांधून त्यानं घराला पूर्ण फेरी मारली, एक डोळा मिटून छताकडं बघितलं, मान हलवली.

"वाईट नाही," तो म्हणाला. "पण जरा तिरकी बसवलीत. मला विचारायचं होतंस."

कन्सेप्टानं त्याच्याकडं बघितलं, आणि दुसरा कप आणायला आत गेली.