घंटीची दोरी

डोंगरटोल्याच्या फाट्यावर पहिल्यांदा मोटार थांबली, तेव्हा गुणवंतराव मास्तरांनी सगळ्यांना आधी चढू दिलं आणि मग स्वतः चढले. हा थांबा त्यांनी मिळवलेला होता. कुरखेड्याहून वडशाला जाणारी मोटार वर्षभर गावावर धूळ उडवत सरळ निघून जात असे. मास्तरांनी चौदा अर्ज केले, तेव्हा कुठे 'महिनाभर थांबवून पाहू, तक्रार आली तर बंद करू' असं उत्तर आलं.

आदल्या दिवशी त्यांनी गावाला पारावर बसवून मोटारीत कसं वागायचं ते शिकवलं होतं. छताखालून एक दोरी जाते, ती पुढे ड्रायव्हरजवळच्या घंटीला बांधलेली असते. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. "त्या दोरीला कंडक्टरशिवाय कोणीही हात लावायचा नाही," हे त्यांनी तीनदा बजावलं होतं.

मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाली मोहफुलांच्या टोपल्या. मास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मागच्या बाकावर म्हातारी रुखमाबाई झाकणाची टोपली कवटाळून बसली होती. टोपलीत कोंबडी. वडशाला लेक बाळंत झाली होती, तिच्यासाठी.

दोन कोसांवर, भर जंगलात, दोघं जण उतरले. त्यांच्या मागोमाग कंडक्टर डोमाही उतरला. "आलो, आलो," म्हणत तो झाडांत शिरला.

नेमकं तेव्हाच मास्तरांच्या मांडीला ओलसर लागलं. पिशवीतल्या डब्यातलं लोणच्याचं तेल पांढऱ्याशुभ्र धोतरावर पसरत होतं. मास्तर दचकून उठले, आणि पिशवी धोतरापासून दूर करायची म्हणून हाताला जे सापडलं त्यावर त्यांनी ती टांगली.

ठण्. पिशवी हिंदकळली. ठण्.

दोन ठोके. मोटार निघाली.

मास्तरांनी झटकन पिशवी काढून घेतली. बाकीचे खिडकीतून उतरलेल्यांकडे पाहत होते. कोणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, कंडक्टर राह्यला ना जी!"

सगळे ओरडू लागले. पण ड्रायव्हर गफ्फारभाईच्या पाठीमागे पत्र्याची भिंत होती आणि इंजिनाचा आवाज तर विचारूच नका. त्याला फक्त घंटी ऐकू यायची. दोरी डोक्यावर झुलत होती, आणि एकही हात वर जाईना. सगळे मास्तरांकडे पाहू लागले.

"गुर्जी, तुमीच वढा," गावातला सुकलू म्हणाला. "आमाले तं मनाई हाय."

एक ठोका. फक्त एक. मास्तरांनी दोरी ओढली, पण मोटार खड्ड्यात आदळली आणि एकाचे दोन झाले. गफ्फारभाईला वाटलं, कंडक्टरला आज घाई आहे. त्याने वेग वाढवला.

त्या धक्क्याने रुखमाबाईच्या टोपलीचं झाकण उडालं. कोंबडी फडफडत थेट दोरीवर जाऊन लटकली आणि सुटायची धडपड करू लागली. ठण् ठण् ठण् ठण् ठण्! इतक्या ठोक्यांचा अर्थ गफ्फारभाईलाही माहीत नव्हता. त्याने ब्रेक दाबला.

तो मागच्या दाराने आत आला तेव्हा कंडक्टर नव्हता आणि दोरीवर कोंबडी होती.

"ये मुर्गी किसकी हाय?"

"माही हाय, भाऊ," रुखमाबाई म्हणाली.

"म्हणजे डोमाले जंगलात सोडलं ते हिनंच!" गफ्फारभाई म्हणाला. "तिथी घंटी हिनंच मारली. काय हो मास्तर, तुमी तं इथीच बसले होते. सांगा."

मास्तरांनी धोतरावरच्या डागावर पिशवी ठेवली.

"कोंबडीच असावी," ते म्हणाले.

रुखमाबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. कोंबडी सोडवून पदराखाली धरली, टोपली उचलली आणि गफ्फारभाईने सांगण्याआधीच खाली उतरून रस्त्याकडेच्या टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, झाडाखाली जाऊन बसली.

रस्ता अरुंद, मोटार वळवायला जागा नाही. डोमा चालत येईपर्यंत थांबणं आलं. ऊन चढत गेलं. लोक उतरून सावलीला गेले. मास्तर मात्र तापलेल्या पत्र्याखाली एकटेच बसून राहिले. घाम डोळ्यांत जात होता. पंचवीस वर्षं त्यांनी मुलांना खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं केलं होतं. या मोटारीला कोपरे चार होते, पण एकही त्यांना पुरेसा वाटेना.

पाऊण तासाने डोमा आला. घामाने निथळत, धापा टाकत. दोन्ही हातांनी उलटी टोपी पोटाशी धरलेली. गफ्फारभाईने पुढे जाऊन त्याला कोंबडीची हकीकत सांगितली.

"रिपोट करतो!" तो दुरूनच गरजला. "कोणाची कोंबडी हाय? नाव सांगा! गाव कोणतं? डोंगरटोला? आता पाहा, तुमचा थांबाच बंद करतो!"

रुखमाबाई उठून उभी राहिली. नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर मोटारीतून उतरले.

"तिच्या कोंबडीनं नाई केलं," ते म्हणाले. भर सभेतही शुद्ध बोलणाऱ्या मास्तरांची भाषा अचानक गावची झाली. "मी पिशवी टांगली दोरीवर. दोनदा घंटी वाजली ते माह्यामुळं. कोंबडीनं तं मोटार थांबवली. मी... मी खोटं बोललो."

सुकलू जमिनीकडे पाहू लागला.

"मग तुमचंच नाव लिहितो," डोमा टोपी एका हातात सावरून वही-पेन्सिल काढत म्हणाला.

"लिहा. आणि सगळं खरं लिहा. मोटार कुठं थांबली, किती वाजता. कंडक्टर खाली कशासाठी उतरला होता—"

डोमाची पेन्सिल थांबली. त्याने हातातल्या टोपीत पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. टोपी काठोकाठ पिकलेल्या पिवळ्या टेंभरांनी भरली होती.

"बायकोले आवडते," तो हळूच म्हणाला आणि वही खिशात घातली. "चला, बसा. उशीर होऊन राह्यला."

मास्तरांनी आपली जागा रुखमाबाईला दिली आणि तिची टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. वडसा दिसू लागलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बाई, तुले अगोदरच मालूम होतं का?"

"पायलं होतं ना मी. पिशवी टांगताना."

"मग बोलली काऊन नाई?"

रुखमाबाईने टोपलीच्या फटीतून कोंबडीला बोट लावलं.

"म्हटलं, शिकलेला माणूस हाय," ती म्हणाली. "खरं बोलाले थोडा वेळ लागन."