तिसऱ्या वळणाची भानगड

“ठेव की दोन दिवस. घर काय माझ्या एकट्याचं आहे?” असं मी मेहुण्याला म्हणालो आणि तिथेच चुकलो. (घर माझ्या एकट्याचं नाही हे खरंच होतं. म्हणूनच तर आधी बायकोला विचारायला हवं होतं.)

मेहुणा म्हणजे हातिम, माझ्या बायकोचा, नजातचा, धाकटा भाऊ. इथे स्फॅक्स शहराच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या बायकोने त्याला बजावलं होतं, “या घरात एक तर तुमची ती शर्यतीची गाडी राहील, नाही तर मी.” हातिमने यावर बराच विचार केला (यावरून त्याच्या संसाराची कल्पना यावी) आणि गाडी आमच्याकडे आणली.

गाडी म्हणजे खरी नव्हे. व्हिडिओ गेम. एक काळा डबा, एक स्टिअरिंग, पायाखाली पेडल, आणि कानावर घातले की शेजारी मेला तरी कळू नये असे मोठाले हेडफोन. हे सगळं माझ्या आतल्या खोलीत टीव्हीसमोर मांडून हातिम म्हणाला, “दाजी, मारा एक फेरी.”

मी एक फेरी मारली. म्हणजे भिंतींना मारत मारत पूर्ण केली. फेरीला लागलेल्या वेळेचा आकडा हातिमने दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, “दाजी, एवढ्या वेळात मी चालत गेलो असतो. वाटेत कॉफी पिऊन.”

आता मी नगरपालिकेतला कारकून. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला अपमानाची सवय झालेली असते, पण ती ऑफिसातल्या अपमानाची. घरी, माझ्याच खुर्चीत, माझ्याच मेहुण्याकडून? मी त्याच क्षणी ठरवलं की या फेरीचा वेळ कमी करायचा. किती कमी? निदान हातिमच्या कॉफीपेक्षा.

पण वेळ काही कमी होईना. मी पेडल जेवढं दाबायचो तेवढी गाडी भिंतीत जास्त घुसायची. पहिलं वळण जमायचं, दुसरं अल्लाच्या कृपेने पार पडायचं, आणि तिसऱ्या वळणावर गाडी, मी आणि भिंत असे तिघे एकत्र यायचो. शेवटी हातिमने मला एक गुरू गाठून दिला. सी बूअलाम. (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्री’.) ओरान शहरातले निवृत्त दंतवैद्य. प्रत्यक्ष कधी भेट नाही. हेडफोनमधून बोलायचे, आणि बोलायचे ते अजून दवाखान्यात असल्यासारखेच.

“घाबरू नका, मुन्सिफ. दुखणार नाही. हात ढिले सोडा. श्वास घ्या. वेग वाढवायचाय ना? मग आधी वेग कमी करायला शिका.”

“वाढवायचाय म्हणजे कमी करायचा?”

“वळणाआधी कमी. म्हणजे वळणानंतर जास्त.”

“आणि वळणात?”

“वळणात काहीच नाही. वळणात फक्त विश्वास.”

मला यातलं काहीही कळलं नाही, पण दंतवैद्यासमोर माणूस जशी मान डोलावतो तशी मी डोलावली. पुढे ते म्हणाले, “आहात तिथे बघू नका. जायचंय तिथे बघा. वळणात बाहेरून शिरा, आतला कोपरा अगदी घासून घ्या, आणि पुन्हा बाहेर सुटा.” मग एकदम विचारलं, “टायरमध्ये हवा किती आहे?”

“थांबा, बघून येतो,” म्हणालो, तीन जिने उतरलो, रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या जुन्या गाडीची चारही चाकं दाबून पाहिली, तीन जिने चढलो आणि धापा टाकत सांगितलं, “पुढच्या डाव्यात जरा कमी आहे.”

पलीकडून सी बूअलाम फार प्रेमाने म्हणाले, “मुन्सिफ, गेममधल्या टायरमध्ये.”

(गेममधल्या टायरमध्ये हवा असते, हे मला कोणी सांगितलं होतं?)

तर बाहेरून आत, आतून बाहेर. याचा सराव व्हावा म्हणून मी घरातल्या घरात तसंच चालू लागलो. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना आधी उजव्या भिंतीला चिकटायचं, मग दाराची चौकट खांद्याने घासायची, आणि आत गेल्यावर ओट्याच्या दिशेने सुटायचं. नजर मात्र जायचंय तिथे, म्हणजे फ्रिजवर. एक दिवस मी असा सुटलो आणि समोरून नजात हरिसाचं भांडं घेऊन आली. ती काही फ्रिज नव्हती, त्यामुळे मला दिसली नाही. ती लाल मिरचीची चटणी माझ्या शर्टावरून, पायजम्यावरून चपलांपर्यंत पोचली.

“डोळे कुठे होते तुमचे?” नजात ओरडली.

“जायचं होतं तिथे,” मी म्हणालो.

“मग तिथेच जा आणि परत येऊ नका!”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच आठवड्यात रीमचं, आमच्या एकुलत्या एक मुलीचं, ठरायचं होतं. मुलगा गस्सान, रीमच्याच कॉलेजातला. शांत, हसरा, मला पसंत. अडचण मुलाची नव्हती, त्याच्या बापाची होती. सी अब्दुलकाफी म्हणजे गाडीचा परवाना देणारे निवृत्त परीक्षक. अर्ध्या शहराला त्यांनी नापास केलेलं, आणि उरलेलं अर्धं शहर त्यांना घाबरून पायी चालणारं. रविवारी संध्याकाळी ते बायको-मुलासह रीतसर मागणी घालायला येणार होते.

“त्या दिवशी तुम्ही फक्त ‘मुबारक’ म्हणायचं,” नजातने मला बजावलं. “दुसरा शब्द नको. चुकून काही बोललात आणि माणूस बिथरला, तर रीम आयुष्यभर तुमचं तोंड बघणार नाही.”

रीम नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं. मी तिला म्हणालो, “बेटा, बाप आहे मी तुझा.” ती म्हणाली, “तीच तर काळजी आहे, बाबा.”

नेमकी त्याच रविवारी दुपारी उशिरा सी बूअलामनी शर्यत ठेवली होती. त्यांचे सगळे चेले एकत्र धावणार होते. मी हिशेब केला: शर्यत पाहुण्यांच्या आधी कधीच संपेल. कोट घालूनच खेळायला बसलो, म्हणजे शर्यत संपली की सरळ उठून बैठकीत.

पण परीक्षक माणूस! आयुष्यभर वेळेआधी येऊन उमेदवार काय करतोय ते बघायची सवय. ते सगळे अर्धा तास आधी आले. घंटा वाजली ती मला ऐकू आली नाही. नजातने दार उघडलं, हातिमने स्वागत केलं, रीमने मक्रूदची, म्हणजे खजुराच्या मिठाईची, ताटली आणली, फुलांचं पाणी घातलेली कॉफी आली, आणि माझ्याबद्दल विचारल्यावर नजात म्हणाली, “आत नमाज पढताहेत.” (बिचारी. तिला वाटलं, हाक मारली की मी येईन. हाक मारली. मी हेडफोनमध्ये.)

इकडे माझी वेगळीच गत. त्या दिवशी स्टिअरिंग माझं ऐकेचना. मी डावीकडे ओढलं की ते उजवीकडे ओढायचं, मी पेडल दाबलं की गाडी आपली हळू व्हायची. भूत बसल्यासारखं. त्यात मागून कोणीतरी सारखा आतल्या बाजूने घुसू बघत होता.

बैठकीत काय झालं ते मला नंतर रीमने सांगितलं. सी अब्दुलकाफींनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आम्ही आमच्या गस्सानसाठी तुमच्या रीमचा हात मागायला आलो आहोत.”

आणि आतल्या खोलीतून माझा आवाज आला: “अजिबात नाही!”

सी अब्दुलकाफींनी हातातला कप खाली ठेवला.

“त्याला आत घुसू द्यायचं नाही! एकदा आत शिरला की बाहेर निघत नाही हा!”

गस्सानच्या हातातलं मक्रूद हातातच राहिलं. नजात कसनुसं हसत म्हणाली, “दुआ मागताहेत.”

“आणि काय हे वळण!” मी आत किंचाळलो. “वळणच वाईट! पहिल्यापासून वाईट! असलं वळण मी जन्मात पाहिलं नाही!”

गस्सानची आई उभी राहिली. “आमच्या मुलाला वळण नाही?” तिने विचारलं. “मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय!”

पुढच्या क्षणी माझ्या कानावरचे हेडफोन उडाले. मागे नजात उभी होती. चेहरा त्या दिवशीच्या चटणीसारखा.

“तुम्ही त्यांच्या मुलाला वळण नाही म्हणालात!”

“कुणाच्या मुलाला?”

“गस्सानला!”

“गस्सानही शर्यतीत आहे?”

“अहो, तो बैठकीत आहे! सगळे बैठकीत आहेत! निघालेत!”

मी सगळं टाकून धावलो (सवयीने बाहेरून आत). बैठकीच्या दारात सी अब्दुलकाफी टोपी हातात घेऊन उभेच होते. रीमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ‘मुबारक’ म्हणायचं होतं. तेवढं एकच म्हणायचं होतं.

“वळण तुमचं नव्हे,” मी म्हणालो, “तिसरं!”

“तिसरं?” गस्सानच्या आईने विचारलं. “आम्हाला एकच मुलगा आहे.”

“तसं नाही. पहिलं चांगलं आहे, दुसरंही बरं आहे. तिसऱ्यावर मी रोज आपटतो.”

परीक्षकांचे डोळे बारीक झाले. “आपटता? कशावर?”

“भिंतीवर.”

“गाडी?”

“हो.”

“रोज?”

“सुट्टीच्या दिवशी जरा जास्त.”

“तुमच्याकडे परवाना आहे?”

“तुम्हीच दिलाय,” मी म्हणालो. “तिसऱ्या खेपेला.”

सी अब्दुलकाफी खाली बसले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःशीच पुटपुटले, “मी? का दिला असेल?”

तेवढ्यात हातिमला कंठ फुटला. “काका, तो खेळ आहे, खेळ! टीव्हीवरचा!” मग रीमने डोळे पुसत पुसत सगळं समजावलं. दंतवैद्य, हरिसा, जिने उतरून तपासलेली हवा, सगळं. गस्सानला आधी हसू आवरेना, मग त्याच्या आईलाही. परीक्षक मात्र हसले नाहीत. ते उठले आणि परीक्षेला निघाल्यासारखे म्हणाले, “दाखवा.”

सगळी वरात माझ्या खोलीत. टीव्हीवर शर्यत संपली होती. जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधून सी बूअलाम इतक्या मोठ्याने ओरडत होते की सगळ्यांना ऐकू येत होतं: “मुन्सिफ! अहो मुन्सिफ! शाबास! शेवटची फेरी म्हणजे लोणी! तिसरं वळण किती अलगद घेतलंत! हात ढिले सोडलेत ना? मी हेच तर सांगत होतो!”

पडद्यावर माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं की ही माझी आजवरची सर्वांत वेगवान फेरी.

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग स्टिअरिंगकडे. मग सगळ्यांनी माझ्याकडे.

“पण मी तर बैठकीत होतो,” मी म्हणालो.

हातिम डोकं खाजवत म्हणाला, “दाजी, सकाळी मीच खेळातल्या सगळ्या मदती चालू करून ठेवल्या होत्या. लहान मुलांसाठी असतात त्या. ब्रेक, वेग, वळणं, सगळं गाडी आपली आपण बघते. म्हटलं, पाहुण्यांसमोर तुमची आदळआपट नको.”

“मग मी इतका वेळ काय करत होतो?”

“तिला अडवत होतात.”

आता मात्र सी अब्दुलकाफी हसले. नजात म्हणते, त्या माणसाला हसताना पाहिलेले आम्ही शहरातले पहिलेच. हसून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सी मुन्सिफ, मुलगी आम्हाला पसंत आहे. एकच अट. लग्नाच्या दिवशी नवरीची गाडी तुम्ही चालवायची नाही.”

“मुबारक!” मी म्हणालो. अखेर.

रीमने मला मिठी मारली. कॉफी पुन्हा गरम झाली. दुसऱ्या दिवशी हातिम येऊन डबा, स्टिअरिंग, पेडल सगळं घेऊन गेला. (त्याची बायको ‘गाडी परत येऊ दे’ म्हणाली. तिला हा किस्सा कळल्यावर तिचा राग कुठल्या कुठे पळाला.) सी बूअलामना मात्र मी खरं सांगितलेलं नाही. ते अजूनही नव्या चेल्यांना माझ्या त्या फेरीचं उदाहरण देतात.

घरात मात्र त्या रविवारचा एक परिणाम कायमचा झाला. परवा लग्नाच्या पाहुण्यांना बसवायचं कसं यावरून मायलेकींची जुंपली. मी मध्ये पडून तोडगा सुचवणार, तोच नजात वळली आणि अगदी मायेने म्हणाली, “अहो, तुम्ही जरा आतल्या खोलीत जाऊन बसता का?”

मी जाऊन बसलो. पाच मिनिटांत मिटलं.