पयल्या नंबरची शेवळं

आमच्या शेजारच्या जनूभाऊंच्या अंगणात एकदा साप निघाला. दुसरा कुणी ‘साप, साप’ म्हणून ओरडला असता. जनूभाऊ ओरडले, “साप! शेलूमधला साप! शेलू स्टेशनजवळचा मोठा साप!” आम्ही काठ्या घेऊन पोचलो तोवर साप कंटाळून निघून गेला होता.

हे वेड नव्हे, हा धंदा आहे. जनूभाऊ लोकांना नेटवर ‘वर आणतात’. मोबाइलवर काही शोधलं की जे सगळ्यात वर दिसतं, ते आपल्या गुणांनी वर आलेलं असतं असा माझ्यासारख्या भाबड्यांचा समज असतो. प्रत्यक्षात कुणीतरी जनूभाऊ तेच चार शब्द उलटसुलट कोंबत बसलेला असतो. आधी ते जमिनीची दलाली करत. मग कल्याणला कसलासा कोर्स करून आले आणि जमिनीऐवजी शब्द विकू लागले. बोलतानाही गावाचं नाव दोनदा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका लग्नात त्यांनी बायकोची ओळख करून दिली ती अशी: “ही सुरेखा. घरगुती, विश्वासू, स्टेशनपासून पाच मिनटांवर.”

गेल्या वर्षी माझी दाढ ठणकत होती. कर्जतमध्ये दातांचा डॉक्टर शोधला, तर पहिल्या नंबरवर एक फार्महाऊस. ‘दात दुखतोय? कर्जतच्या निसर्गात या, कर्जतमधलं दातांचं दुखणं विसरा.’ खाली पोहण्याच्या तलावाचा फोटो, आणि त्याखाली समाधानी पाहुण्यांचे अभिप्राय, सगळे एकाच हातचे. भिवपुरीकडचा धबधबा शोधणारी मुंबईची मंडळी कुंभिवलीच्या एका ढाब्यावर जाऊन धडकतात, हीदेखील जनूभाऊंचीच किमया. ढाब्यामागे एक नळ गळतो म्हणे.

गाल धरून मी त्यांना जाब विचारला. “जनूभाऊ, ही लोकांची फसवणूक नाही का?”

“भाऊ, आमी कुटं खोटं बोलतो? आमी फकस्त वर येतो. खरं खालती असतंच की. ज्याला पायजे त्यानं खाली जावं.”

“आणि खाली जातं कोण?”

“कोनी नाय जात,” ते मोकळेपणानं म्हणाले. इतका प्रामाणिक लबाड मी दुसरा पाहिला नाही.

या उन्हाळ्यात सुरेखावहिनी मोठ्या दुखण्यातून उठल्या. हॉस्पिटलातून घरी आल्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. पोटात काही गेलं नाही तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जनूभाऊ ताट घेऊन मागेमागे फिरत आणि त्या तोंड फिरवत.

मे सरता सरता एका दुपारी जनूभाऊ आमच्या दारात उभे राहिले. गळा धरलेला, डोळे लाल. तोंडातून ना गाव निघत होतं, ना स्टेशन. मी तर घाबरलोच.

“काय खाल्लंत, भावजी?” माझ्या बायकोनं, मंदानं विचारलं.

“शेवळं,” ते कसेबसे म्हणाले. “मीच रांधली.”

शेवळं म्हणजे रानातले कोंब. पावसाच्या तोंडावर चार दिवस डोंगरावरच्या ठाकर आदिवासी बायका ती बाजारात घेऊन बसतात. जनूभाऊंनी जन्मभर ती चवीनं खाल्ली होती, पण चूल कुठल्या भिंतीला आहे हे त्यांना बहुधा त्याच दिवशी कळलं असावं.

“काकडं घातलीत ना?”

“ती काय असतात?”

मंदानं कपाळावर हात मारला. काकडं ही आंबट रानफळं. ती घातली नाहीत तर शेवळं घसा असा खाजवतात की माणसाला कुळदैवत आठवतं. आंबटानं खाज उतरते, म्हणून मंदा चिंच कोळायला धावली.

“अहो, मला विचारायचंत!”

“लाज वाटली, वयनी. नेटवर बगितलं. पयल्या नंबरवर व्हतं तेच केलं.”

मी त्यांचा मोबाइल घेऊन मोठ्यानं वाचलं. “शेवळाची भाजी म्हणजे काय? शेवळाची भाजी ही कर्जतमधली सर्वोत्तम शेवळाची भाजी आहे.” पुढं मीठ, तेल, मिरची आणि एका फार्महाऊसचा फोन नंबर. काकडांचा पत्ता नाही. मी वर पाहिलं. जनूभाऊ भिंतीकडे बघत होते.

“दुसऱ्याच्या पानावर हाय,” ते पुटपुटले. “त्यानं माजंच लिवलेलं उचललंय.”

मला इतकं हसू आलं की आवरेना. मंदा मात्र हसली नाही. “वहिनींनी खाल्ली?”

“आदी तिलाच वाढली. आजारी पडल्यापासनं पयल्यांदा तिनं तोंडानं काय मागितलं व्हतं, वयनी. मी इचारलं कशी झालीय, तर म्हनाली, छान झालीय. अर्दी वाटी खाल्ली. मग मी बसलो जेवायला.”

आम्ही चिंचेचं पाणी घेऊन धावलो. वहिनी खाटेवर बसून गळ्याशी पदर चोळत होत्या. नवरा दारात दिसताच त्यांनी हात खाली घेतला आणि हसल्या. माझं हसू तिथंच विरलं. जनूभाऊंचा मला वर्षभर राग होता, पण त्या घडीला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मंदानं त्यांच्याच चुलीवर काकडं घालून भाजी केली. जनूभाऊ शेजारी उभे होते. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, “आता तिला त्रास नाय ना व्हनार?” पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला, बराच वेळ थांबले आणि मगच ताट पुढं केलं.

वहिनी सावकाश जेवल्या. वाटी पुसून घेतली.

“कालची पन छान व्हती हो,” त्या म्हणाल्या.

“खोटं नको बोलूस गं,” जनूभाऊ म्हणाले आणि त्यांनी पातेलं पुढं ओढलं. “अजून थोडी वाडू?”