चांगुणाबाईच्या म्हशीचं दूध

नमुना पोचवावा तो अमृतरावानं! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत न्हाई.

हिंगोलीच्या जनावरांच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. म्हशीला दिलेलं औषध दुधात उतरलं का, ते तासाभरात कळतं म्हणे! आमच्या औंढ्याच्या दवाखान्याला नमुने न्यायला बर्फाचा निळा डबा मिळाला. डॉक्टर म्हणाले, "डब्यावर नाव चिकटवा."

"साहेब, आपलं लेकरू वळखायला पाटी लागते का?"

पहिलाच नमुना चांगुणाबाईच्या म्हशीचा. कास सुजली म्हणून इंजेक्शनं झालेली. रिपोर्ट येईस्तोवर डेअरी दूध घेईना. चार दिवस बाई दूध ओतून देऊन राहिली होती.

"अमृतराव, आज रिपोर्ट आला न्हाई तर म्हैस तुमच्या दारात बांधीन!"

औंढ्याहून एसटीत बसलो. शेजारी जुलेखाबी. माहेर सिद्धेश्वरला, घर हिंगोलीत मस्जिदीमागं, नवरा चाँद पाशा, सगळं दहा मिनिटांत कळलं. एकच कळलं न्हाई: त्यांच्या पायाशीही निळाच डबा होता!

प्रयोगशाळेत करुणा मॅडमनी हातमोजे घातले, झाकण उघडलं आणि थांबल्या. आत हा मोठा रोहू मासा! निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा आ वासलेला!

"अमृतराव, याचं दूध कसं काढू?"

मी जो पळालो तो थेट मस्जिदीमागं. जुलेखाबी माशाचा मसाला आणायला गेलेल्या. चाँद पाशा ओट्यावर बसून बशीत चहा ओतून राहिले होते. शेजारी माझा डबा उघडा. दोन बाटल्यांतली एक रिकामी!

"पिऊ नका!" मी झडपच घातली. बशी उडाली, चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर!

"काहून? जहर हाय का? सासरवाडीनं धाडलंय दूध!"

"जहर न्हाई, पाशाभाई, तपासायचंय!"

'जहर' तेवढं सगळ्या गल्लीनं ऐकलं. माणसं गोळा झाली. एकानं माझी कॉलर धरली. तेवढ्यात जुलेखाबी आल्या, उघड्या डब्यात डोकावल्या.

"अरे, हे तर एसटीतले! माझा मासा कुटं हाय?"

"प्रयोगशाळेत."

"या अल्ला! त्याला काय झालं?"

एसटीत डबे बदलले, हे सगळ्या गल्लीला समजावून सांगितलं. दुसरी बाटली बर्फातच होती, ती घेऊन परत धावलो. तासाभरानं मॅडम म्हणाल्या, "दुधात औषधाचा अंश नाही. पिण्यास योग्य. आणि तो मासा माझ्या टेबलावरून उचला."

चांगुणाबाईला फोन लावला. तिकडून आधी हुंदका आला, मग म्हशीला दिलेली हाक. संध्याकाळचं दूध डेअरीत गेलं.

मासा परत द्यायला गेलो. चाँद पाशांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"म्हंजी दूध चांगलंच होतं?"

"व्हय."

"मंग माझा चहा काहून सांडला?"

त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. "धुऊन आणा."

धुतला की! बायकोच्या नव्या साडीसोबत भिजवला. आता डाग अजिबात दिसत न्हाई, कारण सगळा सदराच गुलाबी झालाय!