चीनहून परतल्याचा पुरावा

परदेशी जाणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. परत येणे मात्र सबंध गावाचे काम आहे. सन १९३२ च्या चैत्रात आमच्या गावाने (पाचोऱ्यापासून बैलगाडीने तीन कोस) हे काम ज्या दक्षतेने पार पाडले, त्याची नोंद पंचांचा कारकून या नात्याने मी अभिमानाने करीत आहे.

तोताराम हे आमच्या गावचे शेतकरी. रुईचा पुंजका बोटांत ताणून तिची प्रत सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून मुंबईच्या एका कापूसवाल्याने त्यांना चीनला, शांघाय शहरातल्या आपल्या वखारीत नेले. मागे बायको वच्छलाबाई आणि चार वर्षांची मुलगी बेबा राहिली. अकरा वर्षांनी ते परतले तेव्हा बेबाचे लग्न सोनगीरला ठरलेले होते आणि तिथी आठ दिवसांवर होती. समुद्र ओलांडलेल्या माणसाला पंचांनी शुद्ध करून पंगतीत घेतल्याशिवाय कन्यादान करता येत नाही. (नियम फार जुना आहे. तोतारामांपूर्वी गावातून कोणीही समुद्र ओलांडला नव्हता, तरीही जुना आहे.)

शुद्ध करण्यापूर्वी अपराध ठरवावा लागतो, आणि त्यासाठी तज्ज्ञ लागतो. सुदैवाने चीनचे तज्ज्ञ गावातच होते : झिपरू आबा. आबा भुसावळपर्यंत जाऊन आलेले होते (चीन त्याच बाजूला आहे), आणि तोतारामांची पत्रे वच्छलाबाईंना तेच वाचून दाखवीत. अकरा वर्षांत पत्रे आली सदतीस. पत्राची सरासरी लांबी चार ओळी. वाचनाची सरासरी मुदत दीड तास. "इकडे थंडी आहे, मी खुशाल आहे" एवढ्या मजकुरातून आबांनी बर्फात गोठलेले हत्ती, सापाची भाजी आणि तोतारामांना शेजारी बसवून जेवणारा राजा, इतके बाहेर काढलेले आहे. (राजा वीस वर्षांपूर्वीच गेला, असे तोताराम नंतर म्हणाले, पण आबांना तसे कोणी कळवले नव्हते.) वाचनाच्या दिवशी चावडीपुढे बसायला जागा मिळत नसे. बेबा पहिल्या रांगेत असे. बापाबद्दल तिला जे काही माहीत होते, ते सारे आबांकडूनच.

चौकशी रविवारी सुरू झाली.

"तठे साप खातंस ना?" आबांनी विचारले.

"खातंस व्हतीन," तोताराम म्हणाले. "मी दायभातच रांधीसन खाये."

पंच गंभीर झाले. घरी रांधून डाळभात खाणाऱ्याचा अपराध निघत नाही. अपराध नाही तर शुद्ध कशापासून करणार? शुद्ध केले नाही तर पंगत नाही. सबब तोतारामांच्या निर्दोषपणामुळे पोरीचे लग्न अडले. शिवाय, अकरा वर्षांत एकही साप न खाणारा माणूस चीनला गेला तरी होता का, असा मूळ प्रश्न नथ्थू पंचांनी उपस्थित केला.

पुरावा म्हणून तोतारामांनी अंगावरची शांघायची बंडी काढून दिली. आत जाड रुई भरलेली होती. पंचांनी शिवण उसवली. पाचही जणांनी पुंजका ताणून पाहिला आणि एकमताने सांगितले : रुई पाचोऱ्याची.

"पाचोरानीच शे!" तोताराम आनंदाने उभेच राहिले. "आपलीच रुई तठे जास, आबा! पहिला दिन तिले हात लावा आनि मन्हा डोयामा पानी उनं."

पंचांनी हा कबुलीजबाब नोंदवून घेतला. बंडी पाचोऱ्याची, त्याअर्थी बंडी घालणाराही पाचोऱ्यापलीकडे गेलेला नाही. मग अकरा वर्षे होता कुठे, याचा हिशेब मिळेपर्यंत पंगत नाही. आमच्या गावाची देवाच्या बाबतीत चूक होऊ शकते, कापसाच्या बाबतीत होत नाही.

तोताराम उसवलेली बंडी घेऊन घरी आले. वच्छलाबाई म्हणाल्या, "आबा सांगतंस तेच सांगा. पोरनं लगन शे."

पुढचे चार दिवस त्यांनी हळद दळता दळता नवऱ्याला चीन शिकवला. त्यांना तो तोंडपाठ होता. तोताराम हत्तींपाशी वारंवार अडखळत, पण माणूस मेहनती.

शुक्रवारी फेरचौकशी झाली. हत्ती? गोठेल. साप? दोन जातना खादा. राजा? "मन्हा शेजारीच बसे." पंचांचा जीव भांड्यात पडला. अपराध तीन धरले, प्रायश्चित्त दिले, आणि त्याच दुपारी तोताराम पंगतीत बसले. कन्यादान त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. मला रडू आले (हे नोंदीत नाही).

सोनगीरची गाडी जुंपली तेव्हा बेबा बापाजवळ आली. "बा, चीनमा कसं व्हतं?"

तोतारामांचा चेहरा उजळला. परतल्यापासून हे त्यांना कोणीच विचारले नव्हते. ते तिला वखार, नदी, सकाळचे धुके असे काही सांगू लागले. तिने थोडा वेळ ऐकले.

"तसं नको, बा. आबा सांगतंस तसं सांग."

तोतारामांनी हत्तींपासून सुरुवात केली.

पुढे एकदा त्यांनी मला स्वतःचा चीन तीन तास सांगितला. मी तो शब्दन्‌शब्द उतरून घेतला, आणि या नोंदीतून गाळला. वाचकांना हत्ती पुरतील असा माझा अंदाज होता. आपण इथपर्यंत आलात आणि अकरा वर्षे तो माणूस तिकडे कसा राहिला हे विचारले नाहीत, त्याअर्थी अंदाज बरोबर होता.