गुडघ्यातनं वाका, पावणं!

आळे गावात आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव सासऱ्याच्या पाया पडायला वाकला आणि मांडवाच्या मधल्या रांगेतून आरोळी आली, "गुडघ्यातनं, पावणं! कमरेतनं नाय!" नवरदेव अर्ध्यात थांबला. सासऱ्याला वाटलं, जावयाची कंबर धरली. करवल्यांना वाटलं, धोतर सुटलं. फोटोग्राफरनं मात्र संधी सोडली नाही. अल्बममध्ये नवरदेव आजही काटकोनात उभा आहे.

आरोळी देणारा इरफान मोमीन. आळेफाट्याला माझं ठिबक आणि पाइपांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहतो. त्या लग्नाला त्याला मीच नेलं होतं. त्यामुळे पंगतीत मला त्याच्याकडे पाठ करून जेवावं लागलं.

इरफान फिजिओथेरपी शिकलाय आणि आता त्यातच पीएचडी करतोय. फाट्यावर हे समजावून सांगताना माझा घसा सुकला. समोरचा पानवाला विचारायचा, "डॉक्टर हाये ना, मग ताप का बघत नाय?"

"अजून व्हायचाय."

"झाल्यावर बघंल?"

"तेव्हाही नाही बघणार."

"मग शिकतोय कशाला राव?"

मला तरी कुठे माहीत होतं! एवढंच ठाऊक होतं की कॉलेज त्याला शिष्यवृत्ती देतं आणि त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना शिकवायला लावतं. उद्याच्या तासाची तालीम तो आदल्या संध्याकाळी माझ्या गच्चीवर करायचा. विद्यार्थी म्हणून मी आणि पाण्याची टाकी. टाकी जास्त मन लावून ऐकायची. शंका विचारली की तो खुश व्हायचा, म्हणून मी कधी विचारली नाही.

"मणक्याला स्पेअर पार्ट नाय, दादा," हे त्याचं आवडतं वाक्य. माझ्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो पाइपाचं बंडल सरळ उचलू देत नसे. आधी पाय फाकवून उभं करायचा, मग गुडघे वाकवायला लावायचा, मग बंडल पोटाशी धरायला सांगायचा. पाइप न्यायला आलेला माणूस कवायत करून घरी जायचा. काही गिऱ्हाइकं त्या धसक्यानं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. मी रागावलो की म्हणायचा, "त्यांचा मणका तर वाचला ना?"

त्याचं संशोधन टोमॅटो तोडणाऱ्या बायकांच्या कंबरदुखीवर. त्यासाठी त्यानं दोन गावं निवडली होती. आंबेगाव तालुक्यातल्या कळंबच्या बायकांना कसं वाकायचं, क्रेट कसं उचलायचं, रानात जाण्याआधी कोणते व्यायाम करायचे, हे सगळं शिकवायचं. आणि जुन्नरातल्या बोरी बुद्रुकच्या बायकांना काहीच शिकवायचं नाही, नुसती मोजमापं घ्यायची. वर्षानं दोन्हींची तुलना करायची, आणि मग बोरीच्या बायकांनाही शिकवायचं. तोवर बोरीत एक शब्द बोललं की तुलना संपली, म्हणजे पीएचडीही बसली.

आता ज्या माणसाला नवरदेवाचं वाकणं सहन झालं नाही, त्यानं वर्षभर बोरीच्या रानात तोंड बंद ठेवायचं होतं.

त्यानं उपाय काढला. बोरीची हद्द लागली की तोंडात लवंग धरायची. बायका कमरेतून वाकून भरलेली क्रेट उचलायच्या आणि हा दुसरीकडे मान वळवून विजेच्या तारा बघत राहायचा. बायकांना वाटायचं, लाजतोय बिचारा. संध्याकाळी फाट्यावर उतरला की दिवसभराचं साठलेलं माझ्यावर निघायचं. मी नुसती पडलेली पेन्सिल उचलली तरी वरच्या जिन्यातून "गुडघ्यातनं!" अशी हाक यायची.

आता अडचण अशी की माझी थोरली बहीण बोरीतच दिलेली. आक्काचंही नाव त्या बायकांत होतं. कळंबची कुणी बाई तिला कुठल्याशा बारशाला भेटली आणि सगळं कळलं. आक्कानं मला फोनवरच फैलावर घेतलं. "तुझा त्यो मास्तर कळंबच्या बायांना शिकवितो आन् आमाला नुसता मोजतो? आमी काय मापाला ठेवलेल्या गोण्या हाय का?"

मी तिला संशोधन समजावलं. ती म्हणाली, "कंबर दुखती ती माजी. त्याला वरीसभर काय बघायचंय?" मी इरफानला सांगितलं. तो म्हणाला, "आक्कांना माझ्यासमोर आणू नका, दादा. एवढं करा."

पण मोजमापं तर घ्यायचीच होती. त्या दिवशी मीही बरोबर गेलो. आक्कानं ओट्यावर चहा ठेवला. इरफाननं लवंग गालात सरकवून चहा घेतला, टेप काढली, आक्काला पुढे वाकायला सांगितलं. तिचे हात जेमतेम मांड्यांपर्यंत गेले. त्यानं आकडा लिहिला आणि बाहेरच्या तारांकडे बघायला लागला.

आक्का सरळ होता होता कळवळली. मग आतल्या भिंतीकडे बोट दाखवून सहज म्हणाली, "वाकाया येईना म्हून पोरानं देव्हारा भितीवर टांगलाय. इतकी वर्सं देवापुढं डोकं टेकलं, आता उभ्यानंच हात जोडते. देवाला पण वाटत आसंल, म्हातारी माजली."

मी हसलो. इरफान हसला नाही. तो बराच वेळ त्या देव्हाऱ्याकडे बघत बसला. मग अंगणात जाऊन लवंग थुंकून आला.

"आक्का, इकडं या. पाय फाकवा. आता गुडघ्यातनं..."

"अरे, तुझी पीएचडी!" मी ओरडलो.

"तुमी गप बसा, दादा."

आक्का शिकत होती तोवर शेजारची आली, मग तिची जाऊ, मग अख्खी आळी. इरफाननं अंगणात क्रेट मागवली आणि सगळ्यांना उचलायला लावली. इतके महिने दाबून धरलेलं सगळं त्यानं दुपारभर मोकळं केलं. बोरीतल्या कुणाला तुलना आठवली नाही.

परत येताना मी म्हणालो, "झालं ते झालं. कॉलेजात कोणाला कळतंय?"

"आकडे खोटे ठरतील, दादा," म्हणत त्यानं गाडीतूनच त्याच्या गाइड मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. हा नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करत होता. निकाल असा की बोरी गेली. दुसरं गाव शोधायचं, मोजमापं पहिल्यापासून. आणि शिष्यवृत्ती तोवर संपलेली असणार.

"मग आता?" मी विचारलं.

"तुमचे पावणे नसलेलं एखादं गाव सांगा."

असं गाव जुन्नर-आंबेगावात मला तरी माहीत नाही.

काही आठवड्यांनी आक्काचा फोन आला. देव्हारा परत खाली आणला होता. गुडघ्यावर बसून डोकं टेकता येत होतं. वर म्हणाली, "त्या लेकराला ईचार, आपल्या आईबापाला शिकिवलं का न्हाई."

इरफान दुकानात पायरीवर बसला होता. मी चेष्टेच्या सुरात निरोप दिला.

"अब्बा जुन्नरला गाद्या भरायचे," तो म्हणाला. "जन्म वाकूनच गेला. मी शिकून आलो तोवर मणके गेले होते. आता खुर्चीत बसून नमाज पढतात. जमिनीला कपाळ लागत नाय म्हणून वाईट वाटतं त्यांना. माझ्यासमोर बोलत नाहीत."

मला फार वाईट वाटलं. त्याची इतकी थट्टा केली होती. काहीतरी करायचं म्हणून मी जॉइंटचं खोकं उचलायला वाकलो, कमरेतून, नेहमीसारखा. आणि हाक यायची वाट बघत तसाच थांबलो.

तो रस्त्याकडे बघत बसला होता. हाक आली नाही.

मग मीच सरळ झालो, पाय फाकवले, आणि गुडघ्यातून खाली बसलो.